मास्तरचा आवाज, न्यार्कोआचे कान

आमच्या तेपा गावात कुणाच्या घरी काही नवं आलं, की ते सगळ्यात आधी आमोआतेंग मास्तरच्या पोटात कळतं. वस्तू दारातून आत जायच्या आधीच त्याच्या पोटात दुखायला लागतं. मी त्याचा शेजारी. एकाच अंगणाभोवती आमची बिऱ्हाडं, मधे एक नळ, आणि माझं शिलाई मशीन बरोबर त्याच्या दारासमोर. वीस वर्षं मी पायडल मारतोय आणि वीस वर्षं बघतोय. माझ्याकडे नवा रेडिओ आला तेव्हा तो म्हणाला, "आवाज जरा चिरका आहे नाही?" माझ्या मेव्हण्यानं पत्र्याचं छप्पर बदललं तेव्हा म्हणाला, "पाऊस पडला की कळेल." पाऊस पडला. छप्पर गळलं नाही. मास्तर आठवडाभर मेव्हण्याशी बोलला नाही.

आता कुणी म्हणेल, शिंप्या, तू काय कमी आहेस? नाही, मीही जळतो. पण मी जळतो ते धंद्याच्या वेळेत, काम करता करता. मास्तरनं त्यासाठी आयुष्य वाहिलंय.

याचं मूळ जुनं आहे. मास्तरचा बाप आमच्या नानांचा ओचामे होता. नाना म्हणजे गावचे प्रमुख. ते कुणाशी थेट बोलत नाहीत आणि त्यांच्याशीही कुणी थेट बोलत नाही. मधे ओचामे, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन. नाना दोन शब्द पुटपुटणार, तो ते दहा शब्दांत मांडणार, आणि ऐकणाऱ्याला वाटणार की आपल्याला आजोबांनी जवळ घेतलं. बाप गेल्यावर नानांनी मास्तरला एक दिवस काठी देऊन बसवून बघितलं. आवाज बापाचाच होता, खोल, ओल्या मातीसारखा. पण मास्तरला धीर कुठला! जमिनीचं भांडण चाललेलं, नाना म्हणाले, "मला वाटतं की..." आणि यानं पुढचं सगळं स्वतःच सांगून टाकलं. निकालसुद्धा. संध्याकाळी काठी त्याच्या चुलतभावाकडे, द्वोमोकडे गेली. द्वोमोचा आवाज फाटक्या पिशवीसारखा, पण माणूस समोरच्याचं ऐकून घेतो.

तेव्हापासून मास्तरसमोर द्वोमोचं नाव काढलं, की त्याच्या कपाळावरची शीर उठते. मी ते नाव आठवड्यातून दोनदा तरी काढतो. नळावर पाणी यायला वेळ लागतो, करमणूक नको का?

काठी गेली, मग हा काही वर्षं शाळेत शिकवत होता, आणि मग कोको पिकवणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका कचेरीत चिकटला. काम अहवाल लिहिण्याचं. अहवाल असे सुंदर लिहायचा की राजधानीत, अक्रामधल्या मोठ्या कचेरीत ते वाचून दाखवत म्हणे. हे 'म्हणे' त्याचंच. दोन वर्षांपूर्वी त्याला तीन दिवसांच्या शिक्षणाला अक्राला बोलावलं. विषय काय, तर संवाद, कुतूहल आणि नव्या तंत्राचा कल्पक वापर. परत आला तो चौकटीत बसवलेला कागद घेऊन. आम्ही सगळ्यांनी अंगणात उभं राहून तो बघितला.

"मग काय शिकलास मास्तर?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं."

"कळेल तेवढं सांग."

"माणसानं प्रश्न विचारले पाहिजेत," मास्तर म्हणाला आणि मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत घरात गेला.

त्याच सुमारास कचेरीत न्यार्कोआ आली. वय पस्तिशीच्या आसपास, नवरा गेलेला, एक मुलगी आजीकडे शिकायला ठेवलेली. हुद्दा टंकलेखिकेचा, म्हणजे मास्तरच्या सहा पायऱ्या खाली. शिक्षणाला तिला कुणी पाठवलं नव्हतं. पण कुठलंही बटण दाबून बघितल्याशिवाय त्या बाईला चैन पडायचं नाही. माझ्या मशीनला एक खिट्टी आहे, ती कशासाठी हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. ती झंपर शिवायला टाकायला आली, वाकून बघितलं, विचारलं, "वोफा, ही काय करते?" आणि दाबली. तेव्हापासून माझं मशीन काजं करतं. वोफा म्हणजे मामा. मामाला आनंद व्हायला हवा होता. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मास्तरचं काय झालं असेल, विचार करा. तो तिच्याबरोबर एका खोलीत बसायचा.

मग ते यंत्र आलं. अक्राहून एक नंबर दिला. शेतकऱ्यानं फोन करायचा, यंत्रातला एका मुलीचा आवाज आमच्याच ट्वी भाषेत सांगणार: आवाज झाल्यावर आपला प्रश्न बोला, चाळीस सेकंद आहेत. मग टूं. प्रश्न यंत्रात साठणार, न्यार्कोआ तो ऐकून टाईप करणार, मास्तर त्याचा अहवाल करणार, आणि जाणकार उत्तर देणार. गावोगाव कागद चिकटवले. फोन धो धो आले. आणि प्रश्न? एकही नाही म्हटलं तरी चालेल.

"नमस्कार करतात आणि गप्प बसतात," मास्तर नळावर सांगायचा. "नमस्कार, घरचे कसे, कामाचं कसं, मग शांत. चाळीस सेकंद खलास. मी समोर लाल शाईनं लिहितो: प्रश्न नाही. चारशे फोन, प्रश्न नाही. आपल्या लोकांना कुतूहलच नाही रे."

तीन महिने त्यानं हेच लिहिलं. अक्रानं ते वाचलं, आणि एक पत्र आलं: शेतकऱ्यांना प्रश्न नसतील तर प्रश्नांची कचेरी कशाला? मोठ्या कचेरीतल्या क्वार्टे बाई महिनाअखेरीस येऊन बघतील आणि काय ते ठरवतील. म्हणजे कुलूपच. मास्तर छप्पन्न वर्षांचा, या वयात नवी नोकरी कोण देणार? आणि न्यार्कोआनं मुलीची पुढची फी कशातून द्यायची? मास्तरच्याच सुंदर अहवालांनी दोघांची खुर्ची ओढली होती.

त्या आठवड्यात न्यार्कोआ एका दुपारी अंगणात आली. मास्तर जेवायला घरी आला होता, उकडून कुटलेल्या कंदाचा, फुफूचा गोळा रश्शात बुडवत होता. ती आदबीनं बाजूला उभी राहिली. मी दोरा तोडायचं निमित्त करून मशीन थांबवलं.

"मास्तर, मी ते गप्प बसलेले फोन परत ऐकले," ती म्हणाली.

"गप्प बसलेलं काय ऐकायचं?"

"कोंबडी ऐकू येते. उखळाचा आवाज येतो. माणूस घसा साफ करतो, थांबतो. एकजण फोन बाजूला धरून बायकोला हळूच म्हणतो, 'अजून विचारलं नाही.' मी त्या माणसाकडे जाऊन आले. पलीकडच्या ओपोंगक्रोम गावातला ताची म्हातारा."

मास्तरचा हात रश्शात थांबला.

"मी म्हटलं, आजोबा, प्रश्न का नाही सांगितला? ते म्हणाले, 'पोरी, मी तुमच्या दारात आलो. नमस्कार केला. तुमच्याकडून पाणी नाही, चौकशी नाही, कशासाठी आलात हे कुणी विचारलं नाही. न विचारता आपलं रडगाणं सुरू करायला मी काय रानात वाढलोय?'"

आता इथे हे कुणाला माहीत नाही? पाहुणा आला की बसवा, पाणी द्या, आपल्याकडे सगळं ठीक आहे म्हणा, आणि मग निमित्त विचारा. त्याआधी शहाणा माणूस तोंड उघडत नाही. आमचं पाच वर्षांचं पोरसुद्धा हे करतं. आणि सबंध देशातल्या शिकलेल्या लोकांनी मिळून एक असं दार बांधलं, की आत कुणी बसवत नाही, नुसतं टूं करतं!

मास्तरला ते लागलं. मी त्याचं तोंड बघत होतो. याचा बाप जे बोलून म्हातारा झाला, ते हिच्या कानांना कळलं, आणि याला नाही.

"शिक्षणात असं काही नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून मी यंत्रात बदल केलाय. मेनूत आत आत गेलं की आपलं बोलणं घालता येतं. तुकड्यातुकड्यानं. आधी स्वागत, मग थांबायचं, त्यांना बोलू द्यायचं, मग खुशाली, परत थांबायचं, मग निमित्त. शेवटी तीन मिनिटं."

"कुणाला विचारून बटणं दाबलीस?"

"तुम्हाला विचारायलाच आले, मास्तर. आवाज हवाय. माझा घालून बघितला, तर लोक म्हणतात, 'बाळ, घरात मोठं कुणी आहे का?'"

"मग त्या शिंप्याचा घे. दिवसभर तोंड चालूच असतं."

"वोफांचा घेतला होता," न्यार्कोआ म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंच नाही. "ऐकणाऱ्याला वाटतं, पँटचं माप मागतायत."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बिरागो, मास्तरची बायको, भांडी घासता घासता इतकी हसली की तिला बसावं लागलं.

"तुमचा आवाज..." न्यार्कोआनं सुरुवात केली.

"माझा घसा बसलाय," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाला. "आणि मी अहवाल लिहिणारा माणूस आहे. यंत्रात बसून पाहुण्यांना पाणी द्यायला मला नेमलेलं नाही. तुला सुचलं ना? तूच निस्तर."

ती गेली. बिरागोनं भांडं आपटलं. "खुर्ची जाईल तुमची, कळतंय का? तिच्यावर रुसून कुणाचं पोट भरणार?"

"मी रुसलो नाही. घसा बसलाय."

पाच दिवस गेले. क्वार्टे बाई यायला पंधरवडा राहिला. न्यार्कोआनं आणखी दोघांचा आवाज घालून पाहिला; एकजण चर्चमधला प्रवचनकार, त्याचं ऐकून लोकांनी फोनवर पापं कबूल केली. मास्तर रोज नळावर येऊन मला सांगायचा, "बघ, जमत नाही तिला," आणि सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू बुडणाऱ्या होडीत बसलेला माणूस दुसऱ्याच्या टोकाला जास्त पाणी आलं म्हणून खूश झालाय.

शेवटी मीच एक काडी टाकली. मला राहवेना. न्यार्कोआ मला एवढंच म्हणाली होती की आता ओचामे द्वोमोंना विचारावं लागेल. विचारलं नव्हतं. मी दुपारी मास्तर जेवायला बसला, फुफूचा दुसरा घास तोंडात गेला, ते बघून मशीनवरूनच म्हटलं, "द्वोमो हो म्हणाला बरं का."

"कशाला?"

"त्या यंत्रात बोलायला. आज दुपारीच येतोय. म्हणे काठी घेऊन येणार, सोबत दोन माणसं. म्हणे, 'आमच्या घराण्याचा आवाज आता सगळ्या जिल्ह्यात जाईल.'"

"घराण्याचा?" मास्तर म्हणाला. "घराण्याचा? त्या फाटक्या पिशवीचा?"

"आता यंत्राला काय कळतंय, मास्तर. एकदा भरला की राहिला. तू मेलास तरी लोक फोन करतील आणि द्वोमो त्यांना पाणी देईल."

मास्तरनं हात धुतले. अर्धवट टाकलेली फुफू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझ्या खुंटीवर एका गिऱ्हाईकाचं केंटेचं, समारंभात पांघरायचं भारी कापड किनार लावायला आलं होतं, ते त्यानं न विचारता ओढलं आणि चालायला लागला. मी मागोमाग. कापड माझ्या जबाबदारीवर होतं, आणि शिवाय मजा कोण सोडणार?

कचेरीत न्यार्कोआ एकटीच होती. द्वोमोचा पत्ता नव्हता, पण मास्तरनं इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. "पंखा बंद कर," तो म्हणाला. "खिडक्या लाव." तिनं लावल्या. त्यानं केंटे अंगाभोवती घेतलं, डाव्या खांद्यावर टाकलं, उजवा खांदा उघडा. बसायला खुर्ची दिली तर नको म्हणाला. मग त्यानं वाकून चपला काढल्या. नानांसमोर काढतात तशा. टेबलावरच्या यंत्राच्या त्या काळ्या डबीसमोर. मला हसू यायला हवं होतं. न्यार्कोआनंही हळूच आपल्या चपला काढल्या, म्हणून मग मीही.

"या," मास्तर म्हणाला. "आलात, फार बरं झालं. बसा. हे पाणी घ्या."

आणि थांबला. खरंच थांबला. न्यार्कोआनं बोटं वर करून मोजायला सुरुवात केली होती, पण त्याला गरज नव्हती. समोर कुणीतरी पाणी पितंय आणि तांब्या खाली ठेवतंय, एवढा वेळ तो थांबला. आयुष्यात कुणाचं वाक्य त्यानं संपू दिलं नव्हतं, आणि तिथे जो माणूसच नव्हता, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत गप्प उभा राहिला.

"घरी सगळे बरे आहेत ना?" परत थांबला. "आमच्याकडे सगळं शांत आहे. आम्ही बसूनच आहोत. वाट चालून तुम्ही आलात. कोणत्या निमित्तानं येणं केलंत, ते सांगावं."

तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते सांगून टाकतो. मला हेवा वाटला, कडकडून. आवाजाचा नाही. वीस वर्षं मी शेजारी राहतोय, आणि या माणसाकडे हे होतं, आणि माझ्याशी तो बोलला ते नळाबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून फोन आले ते बोलायलाच. नदीकडच्या बाजूचीच फळं काळी का पडतात? औषधाच्या डब्यावरची अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत, किती पाण्यात किती घालू? नवरा गेला, झाडं मी लावली होती, आता दीर म्हणतो त्याची, कुणाकडे जाऊ? एका बाईनं मधेच फोन ठेवला, खरंच पाणी प्यायली, परत केला. आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी म्हणायचा, 'त्या मोठ्या माणसाला आमचा नमस्कार सांगा.' न्यार्कोआ ते मास्तरला ऐकायला द्यायची. त्या निमित्तानं मास्तर पहिल्यांदा कानाला यंत्र लावून बसायला लागला. आधी नुसता शेवटचा नमस्कार ऐकायचा. मग हळूहळू पूर्ण. घरी येऊन बिरागोला सांगायचा, "तुला माहीत आहे, नदीकडचीच फळं काळी पडतात?"

"लाल शाई संपली का?" मी विचारायचो.

"तू कापडं शिव."

द्वोमोचं खोटं होतं हे त्याला दोन दिवसांत कळलं. त्यानं मला शिवी दिली, पण मोठी नाही.

क्वार्टे बाई आल्या त्या दिवशी मी कचेरीत पडद्यांचं माप घेत होतो. पडदे नको होते, पण माप कधीही घेता येतं. बाई गा जमातीतल्या, अक्राच्या, तुरुतुरु बोलणाऱ्या. त्यांनी पंधरा-वीस फोन ऐकले. हातातलं पेन खाली ठेवलं. आणखी दहा ऐकले.

"तीन महिने प्रश्न नाही, आणि अकरा दिवसांत तीनशे," बाई म्हणाल्या. "कचेरी बंद करायचा प्रश्नच नाही. पण मला एक सांगा. बाकीच्या सात जिल्ह्यांत हेच रडगाणं आहे. कळलं कसं? मास्तर, तुम्हाला कळलं कसं?"

सगळे मास्तरकडे बघायला लागले. न्यार्कोआ जमिनीकडे. वडीलधारा माणूस खोलीत असताना ती आपलं नाव पुढे करणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मास्तरलाही. बाईंनी वाट करून दिली होती; नुसतं आत चालत जायचं होतं. आवाज त्याचा, हुद्दा मोठा, चौकटीतला कागद डोक्यावर. मी माप घ्यायचं सोडून टेप गुंडाळली. मनात म्हणालो, गेली बिचारी.

मास्तरनं तोंड उघडलं. "त्याचं असं झालं..." आणि अडकला. कपाळावरची शीर वर आली. कसं झालं होतं? कोंबडी कुणी ऐकली, उखळ कुणी ऐकलं? ताची म्हाताऱ्याच्या दारात कोण गेलं होतं? त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, जणू हा माझाच दोष.

"हिला विचारा," तो म्हणाला. "हिनं ऐकलं. मी नुसते मोजत होतो."

मग मास्तर घाईनं म्हणाला, "पण आवाज माझा आहे. ते आधी लिहा."

बाईंनी दोन्ही लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं: न्यार्कोआनं सहा महिने त्या सात जिल्ह्यांत फिरायचं, तिथल्या यंत्रांना तिथल्या लोकांची रीत शिकवायची, पगार वाढवून. त्या रात्री मास्तर जेवला नाही, असं बिरागो म्हणाली. मी विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?"

"मी सांगितलं नसतं तर मला पाठवलं असतं," तो म्हणाला.

"जाऊन काय सांगितलं असतंस?"

त्यानं माझ्या मशीनची ती खिट्टी उगाच वर-खाली केली. मग म्हणाला, "तेच तर."

न्यार्कोआ निघाली तेव्हा आम्ही दोघं स्टँडवर गेलो. मास्तरनं तिची बॅग उचलली, नवी आहे हे बघितलं, "चाकं लवकर जातात याची," म्हणाला. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला. ती खिडकीत बसली, हात जोडून म्हणाली, "येते, मास्तर. फोन ऐकत जा. जिची झाडं दीर मागतोय, त्या बाईचं उत्तर राहिलंय."

"ठाऊक आहे. उद्या मी स्वतः जातोय तिच्याकडे," मास्तर म्हणाला. गाडी हलली. तो चार पावलं खिडकीबरोबर चालला.

"न्यार्कोआ! तिकडे कुणाचा आवाज घेतलास ते मला कळव."

"कळवीन!"

"आणि माझ्यापेक्षा बरा असला," मास्तर ओरडला, "तर नको कळवूस!"